खांबेट्यांची शिल्लक

दर वर्षी एकतीस मार्चला दीनानाथ खांबेटे इस्त्रीचा सदरा घालून पालिकेत पैसे परत करायला जात. पालिकेत पैसे मागायला येणाऱ्यांची रांग जिन्यापर्यंत लागते. परत करायला येणारा माणूस एकच, त्यामुळे त्यांच्यासाठी रांग नव्हती आणि खिडकीही नव्हती. पहिल्या वर्षी त्यांचा धनादेश घ्यायचा कुणी यावरून दोन कारकुनांचा अर्धा तास वाद झाला. हे काम दुसऱ्याचं आहे, यावर मात्र दोघंही ठाम होते. खांबेटे शांतपणे उभे राहिले. छत्तीस वर्षं कोषागारात काढलेल्या माणसाला असल्या वादाचं काय कौतुक!

पैसे हडपसरच्या निवारा केंद्राचे असत. दोन हजार तेरा साली शहरातली जकात बंद झाली आणि सोलापूर रस्त्यालगतचा एक जकात नाका ओस पडला. ज्यांना रात्री पाठ टेकायला जागा नाही अशा पुरुषांसाठी पालिकेनं त्या इमारतीत चाळीस खाटा टाकल्या, केंद्र चालवायला एका संस्थेकडे दिलं, आणि संस्थेनं हिशेबासाठी खांबेट्यांना गाठलं. त्यांनी मानधन नाकारलं. शनिवार पेठेतून ते बसनं यायचे, ज्येष्ठ नागरिकांच्या पासावर, आणि तो पासही स्वतःच्या पैशानं काढलेला. सकाळी नऊला हजर, दुपारी एकला परत. केंद्र संध्याकाळी सहाला उघडायचं आणि सकाळी आठला बंद व्हायचं. खांबेटे पोचायचे तेव्हा आतमध्ये चाळीस रिकाम्या खाटा आणि फरशी पुसणारा बद्रीनाथ, एवढंच असायचं. आपण ज्यांचे हिशेब लिहितो त्यातला एकही माणूस तिथे झोपलेला त्यांनी पाच वर्षांत पाहिला नव्हता. तशी गरजही पडली नव्हती. हजेरीची वही बद्रीनाथ चोख ठेवायचा: रात्री सरासरी तेहतीस माणसं.

पालिका वर्षाची रक्कम दोन हप्त्यांत द्यायची आणि खांबेटे ती वाचवायचे. गळका नळ स्वतः दुरुस्त करायचे. फाटक्या गाद्यांना ठिगळं लावून घ्यायचे. जवळच्या आयटी पार्कमधली एक कंपनी दर दिवाळीनंतर पन्नास ब्लँकेटं आणि साबणाची खोकी द्यायची, त्यामुळे त्या बाबींवर खर्चच नव्हता. विजेच्या मीटरसाठी त्यांनी एक वेगळी वही घातली होती. तारीख, वाचन, युनिट, कारण. दिवसाला नऊ युनिटच्या वर आकडा गेला की कारणाच्या रकान्यात लाल शाईनं लिहायचं. 'पंखा बंद करण्यास विसरले.' 'पाण्याचा पंप दोनदा.' बद्रीनाथला त्या लाल शाईची साहेबांपेक्षा जास्त भीती वाटायची.

टेबलामागच्या भिंतीवर एक चौकट होती. पहिल्या वर्षी दोन लाख परत केले तेव्हा कुण्या अधिकाऱ्यानं पाठवलेलं पत्र त्यात होतं. 'आपल्या संस्थेने दाखविलेली काटकसर प्रशंसनीय आहे.' चौकटीचे ऐंशी रुपये खांबेट्यांनी खिशातून घातले होते.

दोन हजार अठराच्या जानेवारीअखेर एका सकाळी नीरजा आली. ती पालिकेच्या समाज विकास विभागात कंत्राटावर होती, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, धायरीहून स्कूटरवर यायची. महिन्यातून एकदा केंद्राची आकडेवारी न्यायची. या खेपेला ती घेऊन आली होती.

"काका, आयुक्तांचं कच्चं अंदाजपत्रक आलंय. पुढच्या वर्षी तुम्हाला पावणेदहा लाख आहेत."

"भागेल," खांबेटे म्हणाले. "यंदाचा खर्चही तेवढाच होईल असं दिसतंय."

"भागणार नाही ना. दहा लाखांच्या खाली गेलं की केंद्र लहान गटात टाकतात. लहान गट म्हणजे वीस खाटा. एक एप्रिलला उरलेल्या वीस उचलून गोदामात."

खांबेट्यांनी चष्मा काढला. "हे कुणी ठरवलं?"

"तुम्ही," नीरजा म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे... हे बघा तुम्हीच."

तिनं कागद पसरला. पाच वर्षांचे पाच ठिपके आणि कच्च्या अंदाजाचा सहावा. बावीस लाख, वीस, सतरा, साडेचौदा, बारा, पावणेदहा. ठिपक्यांमधून एक रेष तिरकी उतरत गेली होती.

"इतकी सरळ रेष आम्हाला प्रयोगशाळेतसुद्धा मिळत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी शोधलं. गेल्या वर्षी जेवढा खर्च झाला तेवढीच पुढच्या वर्षी तरतूद, असं तक्त्यात सूत्र आहे. मुद्दाम कुणी काही केलेलं नाही. तुम्ही दोन लाख परत केलेत, पुढच्या वर्षी दोन लाख कमी आले. मग तीन परत केलेत, तीन कमी आले."

"म्हणजे काटकसरीची शिक्षा."

"शिक्षा नाही, काका. तक्त्याला काटकसर कळतच नाही. त्याला वाटतं, यांना लागत नाही."

खांबेट्यांनी त्या रेषेवरून बोट फिरवलं. कोषागारात हे सूत्र त्यांनी शेकडो खात्यांना लावलं होतं. ते आपल्यालाही लागेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं, कारण सूत्र लावणारा माणूस नेहमी खिडकीच्या आत असतो.

"चार वर्षांत मी दहा लाख परत केले," ते म्हणाले. "ते निदान सत्कारणी लागले असतील."

नीरजानं दुसरा कागद काढताना जरा वेळ लावला. "शिल्लक राहिलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवतात. वर्गीकरण म्हणतात त्याला. सर्वसाधारण सभेत मंजूर झालेलं आहे, सगळं नियमानं. तीन लाखांचे दिशादर्शक फलक. अडीच लाखांच्या कापडी पिशव्या. पहिल्या वर्षीच्या दोन लाखांची बाकडी."

"कसली बाकडी?"

नीरजानं नुसतं खिडकीकडे पाहिलं. नाक्याच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली एक लोखंडी बाकडं होतं. पाठीवर स्थानिक नगरसेवकांचं नाव, 'यांच्या संकल्पनेतून' या शब्दांसह. मधोमध एक आडवी दांडी बसवलेली, म्हणजे कुणी त्यावर आडवं होऊ नये. खांबेटे रोज बसमधून उतरून त्या बाकड्यासमोरून येत. रोज तिथे ज्ञानदेव बसलेला असे आणि रोज ते त्याला म्हणत, "काय ज्ञानदेव, ऊन खाताय?"

आत्ताही तो तिथेच बसला होता.

खांबेट्यांनी सरळ फोन उचलला आणि ब्लँकेटवाल्या कंपनीतल्या अर्णवला लावला. तीन वर्षं तो स्वतः टेम्पोबरोबर यायचा, ब्लँकेटांसोबत फोटो काढायचा. एवढं एक वर्ष कंपनीनं दोन-अडीच लाखांचा भार उचलला तर त्या वीस खाटा ठेवता येतील का, असा काहीतरी विचार त्यांच्या डोक्यात चालला होता.

"सर, मी तुम्हाला मेल करणारच होतो," अर्णव म्हणाला. "या वर्षी ना, आमची थीम ग्रीन आहे. सगळं बजेट तळ्याला गेलंय."

"तळ्याला?"

"तळं पुनरुज्जीवन. ब्लँकेट्स नाही जमणार, सर. रोपं हवी असतील तर सांगा, शंभरेक देऊ शकतो."

"ती पांघरता येतील का?" खांबेट्यांनी विचारलं आणि फोन ठेवला.

त्या दिवशी ते एकऐवजी बारालाच निघाले. घरी शैलाताईंनी ताट वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि नवऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना आदर होता, पण तो त्या बोलून दाखवत नसत.

"अहो, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "मी महिन्याच्या सामानातून पैसे वाचवले तर तुम्हाला परत देते का?"

"तू डब्यात ठेवतेस."

"का ठेवते?"

"पुढे अडचण आली तर..."

"आणि परत दिले असते तर?"

खांबेटे आमटी भुरकत राहिले.

"तर पुढच्या महिन्यात तुम्ही तेवढे कमी दिले असते," शैलाताई म्हणाल्या. "छत्तीस वर्षं हिशेब केलेत. कोशिंबीर घ्या."

दुसऱ्या दिवशी नीरजा पुन्हा आली, कामाच्या वेळेआधी. तिचं म्हणणं सरळ होतं. यंदाचे बारा लाख मार्चअखेर पुरते खर्च करायचे, वाढीव मागणी आत्ताच द्यायची, स्थायी समितीचं अंदाजपत्रक ठरायच्या आत.

"चार लाख उरलेत," खांबेटे म्हणाले. "दोन महिन्यांत चार लाख उडवू?"

"उडवू नका. वापरा."

"मी मार्च बघितलेत, बाई. अकरा माणसांच्या कार्यालयानं एकतीस तारखेला दोनशे खुर्च्या घेतलेल्या मी बघितल्या आहेत. बिल माझ्या हातून पास झालंय. गरज नसताना केलेला सरकारी खर्च म्हणजे चोरीच, फक्त पावती असलेली."

"गरज नाही हे कुणी ठरवलं?"

"मी. मोजून. चाळीस खाटा, सरासरी तेहतीस माणसं. सात खाटा रोज मोकळ्या. मी आणखी काय घेऊ, पलंगांना झालर?"

"तुम्ही कधी मोजलंत?"

"रोज. पाच वर्षांच्या वह्या आहेत."

"रोज नाही. रात्री," नीरजा म्हणाली. "कोण झोपतंय हे तुम्ही फक्त रात्री मोजलंत. दिवसा इथे कुलूप असतं."

"माणसं रात्री झोपतात, नीरजाबाई."

ती तशीच उठली आणि बाहेर गेली. खांबेटेही मागोमाग गेले, कारण समोरचा माणूस वाद अर्धा टाकून उठला की त्यांना चैन पडत नसे.

ज्ञानदेव बाकड्याच्या डाव्या अर्ध्यात बसलेला होता. परभणीकडचा, पन्नाशीचा, अंगावर आयटी पार्कच्या सुरक्षारक्षकाचा निळा गणवेश. पूर्वी तो मंडईत हमाली करायचा आणि सतरा नंबरच्या खाटेवर झोपायचा. मान छातीवर पडली होती. नीरजाच्या पावलांनी तो दचकून ताठ झाला.

"ज्ञानदेव, ऊन खाताय ना?" खांबेट्यांनी विचारलं. या वेळी त्यात थट्टा नव्हती. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"ऊन कशाचं खातो, साहेब? झोपतोय."

"बसून?"

"आडवं कसं व्हावं? मधी दांडी हाय. दांडीवर डोकं टेकून बघितलं, तर मान आखडली." त्यानं मान हलवून दाखवली. "रात्री आठ ते सकाळी आठ गेटावर उभा असतो. तिथं लाइट, गाड्या, समदं रातभर चालू. अमेरिकेत दिस असतो म्हणं."

"मग आत का येत नाही?"

ज्ञानदेवनं साहेबांकडे नीट पाहिलं, चेष्टा तर नाही ना, असं.

"तुमी कुलूप लावता की, साहेब," तो म्हणाला.

खांबेटे परत आत आले. कुलूप सकाळी आठला लागायचं, कारण दिवसा पंखे चालू राहिले तर युनिट वाढतात. कारण त्यांचंच होतं, त्यांच्याच अक्षरात, वहीच्या पहिल्या पानावर.

त्यांनी लगेच काही कबूल केलं नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. "एका माणसावरून नियम बदलत नाहीत," एवढंच ते म्हणाले, आणि नवी वही काढून तिच्यावर रकाने आखायला घेतले. पुढचे दहा दिवस ते आणि नीरजा सकाळी दहा ते दुपारी चार नाक्याच्या आसपास अर्धा किलोमीटर फिरले. उड्डाणपुलाखाली, मंदिराच्या पायऱ्यांवर, बंद गाळ्यांसमोर, उभ्या टेम्पोत. दिवसा झोपलेला माणूस दिसला की थांबायचं, जागा झाला तर नाव आणि काम विचारायचं, नाही तर दुसऱ्या फेरीला यायचं. एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नीरजानं नावांशेजारी खूण लिहायचं ठरवलं: हिरवी पिशवी, कपाळावर व्रण, डाव्या पायात चप्पल नाही. खांबेट्यांना ही पद्धत आवडली. कोषागारात नोटांना क्रमांक असत, तसंच हे.

दहा दिवसांत सव्वीस माणसं निघाली. त्यातली एकोणीस रात्री काम करणारी. गेटावरचे रक्षक, कंपन्यांच्या उपाहारगृहात भांडी घासणारे, कर्मचाऱ्यांना पोचवणाऱ्या गाड्या पहाटे धुणारे. शहराच्या या बाजूची निम्मी कामं आता रात्रीची झाली होती आणि रात्र निवारा मात्र जुन्या हिशेबानं चालला होता, सूर्य मावळला की माणूस घरी येतो या समजुतीवर. एकोणिसांपैकी सात जणांची नावं केंद्राच्या जुन्या हजेरीत होती. रात्रपाळी लागली आणि खाट सुटली. खांबेट्यांनी पाच वर्षं मोकळ्या म्हणून लिहिलेल्या सात खाटा त्या.

हा योगायोग असू शकतो, असं नीरजानं प्रामाणिकपणे सांगितलं. नमुना लहान आहे, म्हणाली. खांबेट्यांनी वही मिटली. घरी गेल्यावर मात्र त्यांनी शैलाताईंना आपणहून सांगितलं की माझं मोजमाप चुकलं होतं. शैलाताईंनी दूध गॅसवरून उतरवलं आणि म्हणाल्या, "तारीख लिहून ठेवते."

लेखा विभागातले हिंदुरावसाहेब जगदाळे साताऱ्याकडचे. अंदाजपत्रकाचा तक्ता त्यांच्याच ताब्यात होता. नीरजानं भेट ठरवून दिली. खांबेटे आत गेले तेव्हा ते चहाच्या बशीत बिस्कीट बुडवत होते.

"या, या. खांबेटे म्हणजे ते परतवाले!" ते म्हणाले. "तुम्ही आमच्या खात्यात प्रसिद्ध आहात. तुमच्यापायी आम्हाला जमेच्या बाजूला वेगळा रकाना पाडावा लागला. वर्षात एकच नोंद, पण रकाना आहे."

"मी यंदा मागायला आलो आहे."

हिंदुरावांनी बशी खाली ठेवली. "बोला."

खांबेट्यांनी वाढीव मागणीचा अर्ज आणि दिवसाच्या पाहणीची वही पुढे केली. आयुष्यात त्यांनी शेकडो अर्ज तपासले होते, पण स्वतः एकही केला नव्हता. मागणाऱ्याच्या बाजूला बसलं की खुर्ची बुटकी वाटते, हे त्यांच्या प्रथमच लक्षात आलं. हिंदुरावांनी वही शेवटपर्यंत वाचली, डाव्या पायात चप्पल नसलेल्या माणसापाशी थोडे थांबले.

"चाळीस गाद्या पण घेणार म्हणता," ते म्हणाले. "घ्या. पण गाद्यांनी काही होत नाही. गादी एकदा घेतली की तक्ता म्हणतो, झालं यांचं, पुढच्या वर्षी कापा. जे दर महिन्याला लागतं ते दाखवा. दिवसाचा माणूस ठेवा, त्याचा पगार दाखवा. वीज दाखवा, पाणी दाखवा. आणि नुसतं कागदावर नको. फेब्रुवारीअखेर खरा झालेला खर्च मला आणून द्या. पगार सुरू झाला की बंद करताना चार माणसांना सही करावी लागते. सही करायला कुणी तयार नसतं. त्याच्यावरच तर ही इमारत उभी आहे."

"आणि देणग्या? कंपनीनं पुढच्या वर्षी पुन्हा ब्लँकेटं दिली तर?"

"घ्या की. पण त्यापायी आमच्याकडची बाब बंद करू नका. कंपन्यांचं काय, आज ब्लँकेट, उद्या बदकं. जकात होती तेव्हा आम्ही पण मिजाशीत होतो. रोज संध्याकाळी नाक्यावरून पैशाची गाडी यायची. आता आम्हीसुद्धा वरच्या अनुदानाची वाट बघत बसतो, तुमच्यासारखेच. तेव्हा जे दर महिन्याला हक्कानं येतं ते सोडायचं नसतं."

"म्हणजे काटकसर करायची नाही."

"करा. घरी करा."

एक फेब्रुवारी उलटून गेली होती, म्हणून बारा फेब्रुवारीपासून केंद्र दिवसभर उघडं ठेवायचं ठरलं. दिवसाच्या पाळीला बद्रीनाथच्या ओळखीचा एक माणूस लागला. पहिल्या दिवशी चार जण आले. दुसऱ्या दिवशी नऊ. ज्ञानदेवला सतरा नंबर दिला. त्या खाटेवर रात्री दुसरा कुणी झोपत होता, त्यामुळे चादरी दुप्पट लागायला लागल्या आणि धुलाईची बाब वाढली. खांबेटे प्रत्येक नव्या खर्चावर सही करताना क्षणभर थांबत. पेन वर धरत, खाली आणत. एकदा त्यांनी धोब्याशी दरावरून घासाघीस सुरू केली आणि दोन रुपये उतरवल्यावर स्वतःच ओशाळले. दर मात्र उतरलेलाच ठेवला. नीरजा म्हणाली, "काका, हे ठीक आहे. दर कमी करा, माणसं कमी करू नका."

फेब्रुवारीअखेरचा खर्च त्यांनी एक मार्चला सकाळी दहाला हिंदुरावांच्या टेबलावर ठेवला. मागणी साडेसोळा लाखांची होती. पुढचे पंधरा दिवस काहीच कळलं नाही. या काळात खांबेट्यांनी भिंतीवरची चौकट उतरवली. रागानं नव्हे. नव्या गाद्यांचं बिल लावायला खिळा हवा होता.

मार्चच्या मध्यावर नीरजानं फोन केला. मागच्या आवाजांवरून ती पालिकेच्या जिन्यात असावी.

"काका, पंधरा लाख वीस हजार. चाळीस खाटा कायम. आणि एक वेगळी ओळ घातलीये: 'हडपसर निवारा केंद्र, दिवसपाळीसह.' याआधी आपण 'इतर सामाजिक उपक्रम' मध्ये होतो, आता स्वतःची ओळ आहे."

"साडेसोळा मागितले होते."

"काका!"

"बरं, बरं. चांगलं झालं," खांबेटे म्हणाले. मग जरा थांबून, "पण अट असेल काहीतरी."

"आहे. यंदाची तरतूद पूर्ण खर्ची पडलेली दिसली पाहिजे. रुपया परत आला तर सूत्र पुन्हा लागू."

एकतीस मार्चला खांबेट्यांनी सवयीनं इस्त्रीचा सदरा घातला. शैलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "कुठे?"

"हडपसर."

"मग सदरा कशाला?"

त्यांनी तरीही तोच ठेवला. केंद्रावर येऊन सगळी बिलं जुळवली. पगार, वीज, पाणी, धुलाई, गाद्या. शिल्लक उरली तेवीसशे चाळीस रुपये. बँक दुपारपर्यंत उघडी होती. भरणा पावतीचं पुस्तक खणात होतं. तेवीसशे चाळीस म्हणजे काय, हजारात दोनही नाहीत, एवढ्यानं तक्ता काय करणार, असं त्यांच्या मनात आलं. पण पहिल्या वर्षी पैसे परत करतानाही मनात असंच काही आलं असणार.

तेवढ्यात दिवसपाळीचा माणूस दारात आला. म्हणाला, साहेब, झोपणारे तक्रार करतात. जकात नाक्याच्या खिडक्या ट्रकांवर नजर ठेवायला केलेल्या, मोठाल्या. अकरानंतर सगळं ऊन तोंडावर येतं.

खांबेटे उठले आणि गावठाणातल्या कापडाच्या दुकानात गेले. पडद्याचं जाड, गडद कापड, आठ खिडक्या, मापं कागदावर लिहून नेलेली. दुकानदार त्यांना ओळखत होता. पाच वर्षांपूर्वी चादरींसाठी त्यांनी त्याच्याकडे पाऊण तास घासाघीस केली होती.

"शिलाईसकट तेवीसशे साठ," दुकानदार म्हणाला आणि लढायच्या तयारीनं कोपर गल्ल्यावर टेकवलं.

"तेवीसशे चाळीस," खांबेटे म्हणाले.

दुकानदार वाट पाहत राहिला. पुढे काही आलं नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

"काका, तब्येत बरी आहे ना?"

"बिलावर आजची तारीख घाला," खांबेटे म्हणाले.

पडदे दोन दिवसांनी लागले. त्या दिवशी खांबेटे नेहमीप्रमाणे नऊला आले, दाराशी थांबले, आणि बूट बाहेर काढले. एरवी काढत नसत. आत अंधार होता. पंख्यांचा आवाज, त्याखाली घोरण्याचा, एका लयीत नसलेला. डोळे सरावल्यावर खाटा दिसायला लागल्या. त्यांनी मोजलं. एकवीस. सतरा नंबरवर ज्ञानदेव उताणा, पाय पूर्ण लांबवलेले, एक हात खाटेखाली लोंबत असलेला. माणूस आडवा झाला की केवढा लांब दिसतो!

दाराशेजारच्या फळीवर बटणं होती. कोपऱ्यातल्या दोन खाटा रिकाम्या होत्या आणि त्यांच्यावरचा पंखा उगाच फिरत होता. खांबेट्यांचा हात वर गेला. तेवढं एक बटण त्यांनी बंद केलं. बाकीची सहा राहू दिली.

मग ते टेबलाशी बसले आणि मीटरची वही उघडली. कालचं वाचन, आजचं वाचन. चोवीस युनिट. सवयीनं लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि निळं घेतलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'दिवसा माणसे झोपली होती.'